राक्षसभुवन आणि रिटेनर

बीडच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षे इतिहास शिकवला. एवढ्या वर्षांत मुलांना एकच गोष्ट पटवायची धडपड केली : गड जिंकणे सोपे, राखणे कठीण. मुलांना ती पटली असावी असे त्यांच्या पेपरांवरून तरी कधी वाटले नाही. मला स्वतःला ती नीट पटली निवृत्तीनंतर, आणि तीही प्लास्टिकच्या एका तुकड्यामुळे. हा तुकडा माझ्या नातीचा. त्याला रिटेनर म्हणतात.

ज्यांच्या घरी हा पाहुणा अजून उतरलेला नाही त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास. आमच्या वेळी दात पुढे असले तर माणूस ते तसेच पुढे घेऊन आयुष्यात पुढे जात असे. लग्नाचा फोटो ओठ मिटून काढायचा, एवढाच काय तो उपचार. नातीचे वरचे दोन दात असेच पुढे. शाळेतल्या पोरांनी तिचे नाव ठेवले 'फावडं', आणि ती हसताना तोंडावर हात धरू लागली. बघणाऱ्याला वाटावे, पोर लाजाळू आहे. पण लाज ही वस्तू आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी पाहिलेली नाही, तेव्हा कारण उघड होते. मग तारा लावल्या. दोन वर्षे छत्रपती संभाजीनगरच्या वाऱ्या झाल्या. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला माझी कवळी टाळ्या वाजवायची. शेवटी गणपतीनंतर तारा निघाल्या आणि पोरगी हात खाली ठेवून खळखळून हसली. मी रुमाल काढला. रस्त्याला धूळ फार होती.

डॉक्टर मात्र गंभीर. म्हणाले, "काम झालं. आता खरं काम सुरू." आणि त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा तो साचा तिच्या हातावर ठेवला. दात सरकवले तरी हिरडीतले धागे ताणलेल्या रबरासारखे त्यांना जुन्या जागी ओढत राहतात. काही धाग्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षाहून जास्त लागते. तोवर दात धरून ठेवणारे कुणीतरी हवे. सहा महिने दिवसरात्र, पुढे रोज रात्री.

"पण किती वर्षं?" मी विचारले.

"दात सरळ हवेत तितकी!"

मास्तरकीची खोड जात नाही. घरी आल्यावर मी या वस्तूचा इतिहास धुंडाळला. फ्रान्समध्ये पिएर फोशार्द नावाच्या दंतवैद्याने १७२८ साली आपला मोठा ग्रंथ छापला. वाकडा दात पकडीने जागेवर आणायचा आणि तो बरा होईपर्यंत शेजारच्या दातांना दोऱ्याने बांधून ठेवायचा, ही त्याची रीत. म्हणजे दात पळून जातो हे त्याला तेव्हाच कळले होते.

१७२८ हा आकडा वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. अहो, हेच तर पालखेडचे साल! फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावाने निजामाला पालखेडला कोंडला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह करून पार सरळ केला. पण तारा काढल्या, रिटेनर बसवला नाही. निजाम वाकडा झाला. १७३८ ला भोपाळच्या तहाने पुन्हा सरळ, पुन्हा वाकडा. पुढे मुलाची पाळी आली. १७६० ला उदगीरला त्याला सरळ केला, तर पानिपतानंतर पठ्ठ्याने गेलेल्या मुलखातला बराच परत घेतला आणि १७६३ ला चक्क पुणे लुटून जाळले. त्याच साली १० ऑगस्टला अठरा वर्षांच्या माधवरावांनी त्याला गाठले, ते आमच्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवनाला. आणि तरीही १७९५ ला आमच्या शिवेलगतच्या खर्ड्याला सगळे पहिल्यापासून! एवढे करून आमचे बीड निजामाकडे राहिले ते राहिलेच. कायमचा बंदोबस्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. तो रिटेनर सरदार पटेलांनी बसवला. दातांच्या मागे तार चिकटवून टाकतात, काढता येत नाही, त्या जातीचा.

इतर वाण काढघालीचे. टाळूला बसणारी पट्टी आणि पुढच्या दातांवरून जाणारी तार, हा नमुना अमेरिकेतल्या चार्ल्स हॉली यांनी १९१९ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने तो आजही वापरतात. नातीचा पारदर्शक प्रकार त्या मानाने कालचा, १९९३ चा. आणि डॉक्टर उगाच भीती घालत नव्हते. दात काढून, तारा लावून सरळ केलेल्या पासष्ट जणांचे खालचे पुढचे दात सिएटलच्या डॉक्टरांनी रिटेनर सुटल्यावर दहा वर्षांनी तपासले. १९८१ साली त्यांनी निकाल छापला : सुमारे दोनतृतीयांश लोकांचे दात पुन्हा बिनसलेले. हा निकाल वाचून मला माझे दहावीचे वर्ग आठवले.

तर पहारा बसला. जेवताना रिटेनर काढायचा, तो डबीतच ठेवायचा. कागदात गुंडाळला तर पंगतीत उष्ट्या पत्रावळीबरोबर जातो. सीताफळाच्या दिवसांत पोरीने एका हाताशी डबी आणि दुसऱ्या हाताशी फळ अशी शिस्त पाळली. धुवायचा मऊ ब्रशने, थंड पाण्याने. गरम पाणी वर्ज्य. हे शेवटचे वाक्य डॉक्टर बोलत होते तेव्हा मी त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहत होतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांची अभ्यंगस्नाने उरकली. मोरीजवळ नातीची डबी दिसली. म्हटले, या बिचाऱ्याने काय पाप केले? बंबातले कढत पाणी तांब्याभर घेतले आणि रिटेनरलाही स्नान घातले. स्वच्छता आणि पुण्य, दोन्ही. त्याने एकदा अंग चोरले आणि उन्हात टाकलेल्या पापडासारखा आक्रसला.

माझ्यावर कुणी ओरडले नाही, हेच वाईट. डॉक्टरांची दिवाळीची सुट्टी, मग नातीची चाचणी परीक्षा, असे करता करता तीन आठवडे गेले. एका रात्री जेवताना तिच्या बापाने काहीतरी फालतू विनोद केला. पोरगी हसली. आणि तिचा हात वर गेला.

तो हात मी कधी विसरणार नाही. दोन वर्षे, शेकडो मैल एसटी, आणि एक तांब्या पाणी.

वरचा एक दात जरासा वळला होता. डॉक्टर म्हणाले, "हवा असेल तर काही महिने पुन्हा तार लावू. नाहीतर आहे तिथं धरून ठेवणारा नवा रिटेनर करतो." मी पाकीट काढायला लागलो. नातीने आरसा मागितला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "इतकाच? राहू द्या. आजोबा, तुम्हीच सांगता ना, तहात थोडा मुलूख सोडावा लागतो?" आणि हसली. हात मांडीवरच होता.

म्हणजे वर्गात निदान एका विद्यार्थिनीचे लक्ष होते.

आता ती पुण्याला वसतिगृहात असते. मी किल्लेदार, ती हवालदार. रोज रात्री दहाला फोन येतो. "आजोबा, दरवाजा लावला." एवढेच बोलून ठेवते. मग मी माझी कवळी काढतो, थंड पाण्याच्या भांड्यात ठेवतो आणि दिवा मालवतो. आमचा गड केव्हाच पडला. पण पहारा चालू आहे.