परिहारक सेवेतील समाजकार्य : न्हावा शेवा परिसर

बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाची वेदना व इतर त्रास कमी करून त्याचे आयुष्य सुसह्य करणाऱ्या उपचारांना परिहारक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तीत कुटुंबाचाही विचार होत असल्याने डॉक्टर आणि परिचारिकेच्या बरोबरीने समाजकार्यकर्त्याची गरज पडते. या शाखेचा आधुनिक पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर होण्यापूर्वी परिचारिका व रुग्णालयीन समाजकार्यकर्त्या होत्या, आणि शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख एकत्र धरणारी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना त्यांनीच मांडली. मुंबईत 1936 साली समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाली, तर 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन हे अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णांसाठीचे देशातील पहिले शुश्रूषागृह उभे राहिले.

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील बंदर 1989 मध्ये कार्यान्वित झाले. या बंदराच्या परिसरातील कर्करुग्णाला मुंबईत परळचे टाटा रुग्णालय किंवा खारघरचे त्याचे केंद्र गाठावे लागते. 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतू या सागरी पुलाने मुंबई जवळ आली खरी, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही, आणि उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीला अडते. त्यामुळे खंगलेल्या रुग्णाला नेण्या-आणण्यातच घरातल्या एकाचा रोज बुडतो. प्रवासखर्च, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ही कामे समाजकार्यकर्ता मार्गी लावतो. सरकारी रुग्णालयात या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात.

येथील स्थानिक आगरी-कोळी कुटुंबांत आणखी एक प्रश्न असतो, आणि तो रुग्णालयाच्या केसपेपरवर कधीच दिसत नाही. बंदर व नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या 1984 च्या जासई आंदोलनातील हौतात्म्यानंतर, गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात देण्याचे ठरलेल्या साडेबारा टक्के भूखंडाचे किंवा प्रकल्पग्रस्त दाखल्याचे कागद बहुधा वडीलधाऱ्याच्या नावावर असतात, आणि तोच अंथरुणाला खिळला की वारसांत कुजबुज सुरू होते. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्या इच्छेने, सर्वांना एकत्र बसवून हा विषय बोलता करणे हे समाजकार्यकर्त्याचे सर्वांत नाजूक काम होय. ‘त्यांना काही सांगू नका’ हा घरच्यांचा आग्रहही तसाच हाताळावा लागतो : रुग्णाला किती ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारले जाते, कारण बहुतेकदा त्याने ते ओळखलेले असते आणि दोन्ही बाजू एकमेकांपासून तेच लपवीत असतात. वेदनाशामक मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट आला, ही समजूत दूर करण्यासाठीही पुन्हापुन्हा बोलावे लागते.

शुश्रूषेचा भार घरातील सुनेवर किंवा पत्नीवर पडतो. तिला दिवसातून दोन तास तरी मोकळे मिळावेत म्हणून पाळ्या लावून देणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. मृत्यूनंतर, दिवसकार्य आटोपून पाहुणे परतल्यावर, शोकसाहाय्याची भेट दिली जाते. तेव्हा दारिद्र्यरेषेखालील घरातील कर्ता गेला असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या 20,000 रुपयांचा अर्ज, विधवेचे निवृत्तिवेतन आणि मुलांची शाळा सुटू नये यासाठीची धडपड हीच त्या भेटीची मुख्य कामे असतात.