फोड

फोड (पु.; अ.व. फोड) : घासण्याने, भाजण्याने किंवा अंगाला उतणाऱ्या पदार्थाने त्वचेचा वरचा पापुद्रा सुटतो आणि आत पाणी साठते, तो फुगवटा. मूळ संस्कृत ‘स्फोट’. फोड येतो, उठतो, टरारतो आणि फुटतो. स्त्रीलिंगी ‘फोड’ (अ.व. फोडी) म्हणजे तुकडा : कैरीची फोड, व्याकरणातली संधीची फोड. कूळ एकच, पण लिंग बदलले की सामान्यरूप बदलते : फोडाला मलम लावतात, फोडीला तिखट-मीठ.

शब्दाच्या पोटात फुटणे आहे, पण वाक्प्रचार नेमका उलट सांगतो. ‘तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणे’ म्हणजे धक्काही लागू न देता सांभाळणे. तळहातच का? कारण त्याच्यावाचून एक काम होत नाही. गोदाकाठचे गंगाखेड (जि. परभणी) हे संत जनाबाईंचे जन्मगाव, त्यांच्या दळणाकांडणाच्या आठवणीत जाते येतेच. नव्याने जाते ओढणाऱ्या हाताला खुंट्याने फोड येत आणि रोजच्या दळणाने तिथेच घट्टे पडत. फोड हा नवखेपणाचा आणि घट्टा हा सरावाचा, हा भेद कष्टकऱ्याला शिकवावा लागत नाही. गिरण्या आल्या, जाती थांबली. या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात आता कोयता असतो.

पायाचे फोड गावाला आषाढी वारीत दिसतात. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी या वाटेने जाते. एकूण चाल सातशे किलोमीटरहून अधिक. टाच आणि चवडा आधी बोलू लागतात. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिच्याखाली पाणी नीट साठते. पातळ कातडी नुसतीच सोलपटते. बारीक रक्तवाहिनी फुटली तर पाण्याऐवजी रक्त भरते.

बिब्ब्याच्या तेलाने येणाऱ्या फोडांना मात्र मराठीने वेगळे क्रियापद राखले आहे : बिब्बा ‘उततो’. धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत. कांजिण्यांत येतात तेही फोडच, तोंडात आले की मात्र ‘तोंड आले’ एवढेच म्हणतात. पापडाला तळताना फोड येतात आणि ते हवेसे असतात. भिंतीच्या रंगाला मात्र फुगे धरतात, मग पोपडे सुटतात. इंग्रजीतला ‘ब्लिस्टर’ औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटापुरता आला. कातडीवर त्याला जागा मिळाली नाही.

उपचारातही वाक्प्रचाराचेच खरे. फोड मुद्दाम फोडू नये. वरची कातडी हीच उत्तम पट्टी. पायी चालणाऱ्यांत सुईने फोडातून दोरा ओवून ठेवण्याची रीत आहे, पण तो दोरा जंतूंना आयती वाट देतो. भाजल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. शाई, टूथपेस्ट लावू नये. आपोआप फुटल्यास साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावे. मधुमेह असलेल्याने पायाच्या फोडावर घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.