तीन हातांची बंदूक

नाशिकहून गिरणारे आणि वाघेरा असे करत जी वाट घाट उतरून हरसूलला पोचते, त्या वाटेवरच्या एका पाड्यात, कुडाच्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधाराने आडवी टांगलेली एक ठासणीची बंदूक मी पाहिली. आणि तिच्याविषयी मला जो प्रश्न विचारण्यात आला, त्याचे उत्तर त्या वेळी मी दोन वाक्यांत दिले असले, तरी खरे उत्तर तीनशे वर्षांच्या इतिहासात पसरलेले आहे, हे परतीच्या वाटेवर ध्यानात आले. घरधनी म्हातारा होता. बंदूक त्याच्या बापाची, परवाना त्याच्या स्वतःच्या नावाचा, आणि रानडुकरांनी नागली नि भात तुडवू नये एवढाच तिचा उपयोग. आता हात कापू लागल्यामुळे ती पुतण्याच्या हवाली करण्याचा त्याचा विचार होता, आणि पुतण्या भिडेखातर फुकट न घेता काही रक्कम देऊ करत होता. “गुरुजी, सौदा बरा का?” असे पुतण्याने विचारले आणि बंदूक माझ्या मांडीवर ठेवली.

ती बंदूक एका कारागिराची नव्हती. नळी लांब, जाड बुडाची आणि देशी घडणीची. घोडा नि चाप कुठल्या तरी विलायती बंदुकीवरून उतरवलेले. कुंदा शिसवी, पण मनगटाशी मोडून पितळी पत्र्याने आवळलेला. नळी लाकडाला दोन ठिकाणी पितळी पट्ट्यांनी आणि एके ठिकाणी कातडी वादीने बांधलेली होती. तीन हातांनी, बहुधा तीन वेगवेगळ्या पिढ्यांत घडवलेले हे तीन जिन्नस चौथ्याच कुणी एकत्र आणून त्यांची बंदूक बनवली होती. आजच्या शहरी ग्राहकाला यात काही तरी कमअस्सल वाटेल. परंतु आपल्या देशात बंदूक ही वस्तू बहुतांश काळ अशीच जन्माला आली.

तोडेदार बंदुकीची नळी म्हणजे लोखंडाची लांब पट्टी गजाभोवती पिळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली. हे लोहाराचे काम. नळी गुळगुळीत करणे शिकलगाराकडे, कुंदा सुताराकडे, आणि ज्याच्या तोंडात पेटती जामगी धरून रंजकेवर टेकवायची तो साधा वाकडा चाप पुन्हा लोहाराकडे. या सगळ्यांत नळी दीर्घायुषी. लाकूड वाळवी खाते, चाप झिजतो, वादी कुजते. नळी मात्र बापाकडून लेकाकडे, लेकाकडून सावकाराकडे आणि सावकाराकडून आणखी कुणाकडे जात राहते, नि प्रत्येक मुक्कामी तिला नवा कुंदा मिळतो. म्हणून जुन्या काळी बंदुकीची किंमत म्हणजे मुख्यत्वे नळीची किंमत, आणि बाकीचे सारे तिचे वस्त्रप्रावरण, असे समजले जाई. पेशवाईच्या पायदळातील पुष्कळ शिपाई आपली हत्यारे स्वतःच बाळगून चाकरीस येत. त्यामुळे एका पथकात दोन बंदुका एकसारख्या सापडणे दुर्मीळ, आणि एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीत बसेलच असा भरवसा नाही.

या विस्कळीतपणाचे तोटे राज्यकर्त्यांना कळत नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जी दक्षता सांगितली आहे, म्हणजे कोठार घरापासून दूर असावे आणि आठपंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हात टाकावी, तीवरून एवढे निश्चित दिसते की हत्याराइतकीच हत्याराच्या पोषणाची काळजी त्या काळच्या कारभाऱ्यांच्या मनात होती. पुढे इब्राहिमखानाच्या गारद्यांनी कवायती पायदळाचे महत्त्व दाखवून दिले, आणि कवायती पायदळ म्हणजे एकजात बंदुका. ती गरज खऱ्या अर्थाने पुरी केली ती महादजी शिंद्यांनी. त्यांच्या दि बॉइन या युरोपीय सेनापतीच्या पलटणींसाठी आग्र्याला जो कारखाना उभा राहिला, त्याचा प्रमुख सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर, गोहदच्या राण्याची चाकरी सोडून आलेला. त्याच्या देखरेखीखाली विलायती नमुन्याच्या तोडीच्या बंदुका अवघ्या दहा रुपयांना एक या दराने तयार होत असत, असे त्या काळच्या युरोपीय लष्करी पेशाच्या लोकांविषयी लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. दहा रुपये ही रक्कम मला नेहमी विचारात पाडते. सँगस्टरला ते साधले ते एका छपराखाली नळीवाला, चापवाला आणि कुंदेवाला बसवून, एकच नमुना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगल्यामुळे. निराळी जादू त्यात नव्हती.

आणि ज्या विलायतेच्या नावाने आपण कान टवकारतो, तिथे तरी याहून निराळे काय होते? बर्मिंगहॅम शहरातील बंदूकवाल्यांच्या पेठेत नळी एकाकडे, चाप दुसऱ्याकडे, कुंदा तिसऱ्याकडे, कोरीवकाम चौथ्याकडे असे करत एकेक बंदूक अनेक कारखान्यांची पायरी चढून मग जोडणाऱ्याच्या हाती येई, आणि शेवटी तिच्यावर जे नाव कोरले जाई ते बहुधा यांपैकी कुणाचेच नसे. ते असे विकणाऱ्याचे. कलकत्त्याच्या नामांकित दुकानांची नावे मिरवणाऱ्या कितीएक बंदुकांचे जन्मस्थान हीच पेठ. ग्राहकाला आधार एकच होता, तो म्हणजे १८१३ सालच्या कायद्याने तिथे स्थापन झालेले परीक्षागृह, जिथे नेहमीपेक्षा जड बार भरून नळीची कसोटी घेत आणि ती टिकली तर तिच्यावर ठसा उठवत. सुटे भाग एकमेकांत अदलाबदल करता येतील इतके तंतोतंत घडवावेत ही कल्पना फ्रान्सच्या ओनोरे ब्लांकने १७८५ साली टॉमस जेफरसनसमोर चाप सुटे करून, मिसळून, पुन्हा जोडून दाखवली. पण ती सर्वत्र रुजायला आणखी सत्तर वर्षे गेली. तोवर जगातली जवळजवळ प्रत्येक चांगली बंदूक कानस हातात घेतलेल्या माणसाच्या नजरेवर उभी होती.

तेव्हा पाड्यातल्या त्या बंदुकीची पारख करताना ती जोडलेली आहे हा दोष मी धरला नाही. सांधे कसे आहेत, एवढेच पाहिले.

पहिली गोष्ट, जी करायला माणसे हटकून विसरतात: गज नळीत सोडून तो कुठवर जातो त्यावर अंगठ्याने खूण केली आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. आत आणि बाहेर यांत चार बोटांचा फरक निघाला तर समजावे की आत जुना बार तसाच आहे. खुंटीवर वीस वर्षे टांगलेल्या बंदुकीत आजोबांनी ठासलेली दारू निघाल्याच्या हकिकती खेड्यापाड्यांत थोड्या नाहीत, आणि त्यांतल्या सगळ्याच हसण्यासारख्या नाहीत. इथे फरक निघाला नाही. मग नळीवरून अंगठा आणि तर्जनी बुडापासून तोंडापर्यंत हळू फिरवली. डोळ्याला न दिसणारा फुगवटा बोटांना कळतो. एखाद्या वेळी गोळी दारूपर्यंत न बसता मध्येच राहिली आणि बार झाला, की त्या जागी नळीला कांकणासारखी कडी उठते, नि अशी नळी कितीही चकचकीत असली तरी तिची जागा भंगारात. बुडाचा पेच नळी बंद करत असल्यामुळे आत डोकावून अर्ध्याच नळीची हकीकत कळते, म्हणून ती वादीने टांगून किल्लीने ठोकली. घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला. जोडाला चीर असती, तर नाद फुटक्या मडक्याचा आला असता.

नळी उत्तम होती. घोडा मात्र अर्ध्यावर चढवला असता ठरत नव्हता. अंगठा काढला की पडत होता, म्हणजे खाच झिजलेली. ज्या छिद्रातून ठिणगी आत शिरते तो कान थोडा रुंदावला होता. कान मोठा झाला की बाराचा जोर मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे फिरतो. नळी आणि लाकूड यांमधली फट लाखेने भरलेली होती, आणि लाकडावर नवे तेल. याकडे मी विशेष बारकाईने पाहिले, कारण जोडबंदुकीच्या व्यापारात फसवणूक होते ती नेहमी लाकडातून. लाकूड सर्वांत स्वस्तात बदलता येते, सर्वांत लवकर चमकते आणि सर्वांत आधी नजरेत भरते. जाणता माणूस आधी नळी, मग चाप, मग सांधा पाहतो; कुंद्याकडे त्याची नजर शेवटी जाते, आणि कोरलेल्या नावाकडे तर सर्वांच्याही नंतर. विलायती दुनळ्यांच्या शौकिनांनाही हेच लागू आहे: लोखंड नि पोलाद पिळून घडवलेल्या, अंगावर लाटांसारखी नक्षी असलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या, त्यांत बिनधुराच्या दारूचे काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि तरीही केवळ त्या नक्षीवर लुब्ध होऊन पैसे मोजणारे लोक आहेत.

परंतु हरसूलच्या मुलखात बंदुकीची किंमत ठरवणारी आणखी एक वस्तू गेल्या दीडशे वर्षांत निर्माण झाली, जिला नळी नाही, घोडा नाही, कुंदा नाही. ती म्हणजे कागद. हा मुलूख पूर्वी पेठ संस्थानाचा. १८५७ च्या ४ ऑक्टोबरला नांदूर शिंगोट्याजवळ बंडखोर भिल्ल पुढारी भागोजी नाईकाच्या लोकांच्या गोळीबारात पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री ठार झाला. डिसेंबरात त्र्यंबकवर हल्ला झाला, त्याच सुमारास हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि पेठच्या राजघराण्यातले भगवंतराव पुढे फासावर गेले. या उठावात बंदुका होत्या त्या अशाच, घरोघरच्या, जोडलेल्या. त्यानंतर सरकारने दोन बाजूंनी पावले उचलली. एकीकडे देशी पलटणींसाठी पेचदार खाचा नसलेल्या, सपाट नळीच्या एन्फिल्ड बंदुका केल्या, म्हणजे नेम गोऱ्यांचा आणि आवाज काळ्यांचा. दुसरीकडे रयतेच्या हत्यारांवर १८६० चा कायदा आणि मग १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या अमदानीतला, सुप्रसिद्ध आर्म्स अ‍ॅक्ट. त्याच १८७८ साली पेठच्या राजघराण्यातली बेगम वारली आणि संस्थान खालसा होऊन तालुका झाला. डोंगरातल्या कोळ्याकोकण्याच्या बंदुकीला संस्थानिक गेल्याच्याच वर्षी कचेरीची दावण लागली, हा योगायोग मला तरी विसरता येत नाही.

रायफल या मुलखात सामान्य माणसाच्या हाती कधी आलीच नाही. फौजेची गोळी प्रजेच्या बंदुकीत बसू नये हे इंग्रजांचे धोरण इतके कडक होते की १९०७ साली .४५० मापावर हिंदुस्थानात बंदी येताच लंडनच्या बंदूकवाल्यांना वाघाच्या शिकाऱ्यांसाठी .४७० सारखी नवी मापे काढावी लागली, आणि .३०३ वर्ज्य असल्याने शौकिनांसाठी .३१५ ची रायफल प्रचारात आली, जी पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातही होऊ लागली. पोलिसांना तर जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या रुंद करून केलेली .४१० ची मस्केट मिळे. सरकार स्वतःच जोडबंदुका करत होते. फक्त त्यांना तसे नाव नव्हते.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्यासाठी एक दार किलकिले ठेवले. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा असे त्यात म्हटले आहे. पण त्याच कायद्याने विनापरवाना बंदूक घडवणे, दुरुस्त करणे, तिचे रूप पालटणे हा गुन्हा ठरवला, आणि जिच्यावर कारखानदाराचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची अन्य खूण उमटलेली नाही अशी बंदूक विकण्यास वा दुसऱ्याला देण्यास मनाई केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर डुक्कर शेतात असले तरी वनखात्याला विचारल्यावाचून चाप ओढता येत नाही; आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा हत्यार घडवण्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. परवाना माणसाचा असतो, बंदुकीबरोबर तो आपोआप हस्तांतरित होत नाही, हे पुतण्याला ठाऊक नव्हते. काकाच्या नावाचा कागद बंदुकीसोबत मिळतो अशी त्याची समजूत होती.

म्हाताऱ्याने पेटीतून परवाना काढला. त्यावर बंदुकीचा क्रमांक पाच आकडी होता. मी नळी उजेडाकडे धरून बुडाजवळचा ठसा शोधला. चार आकडे अंधूक का होईना लागले, पाचवा लागेना. “दरसाल खंडेनवमीला मीच घासतो ना,” म्हातारा कौतुकाने म्हणाला, “विटकरीची भुकटी नि लिंबू. पूजेला हत्यार स्वच्छ नको?” चाळीस वर्षांच्या पूजेने तो आकडा पुसून गेला होता.

घोडा आणि कान परवानाधारक कारागिराकडून नीट करून घेता आले असते, लाखेची फट मी चालवून घेतली असती, आणि नळी तर तालुक्यात दुसरी अशी निघणे कठीण. पण कागदावरचा क्रमांक लोखंडावर वाचता येत नव्हता. काकांनी आधी स्वतः अर्ज करून तो ठसा कचेरीच्या देखत पक्का करून घ्यावा आणि तोवर पैशाची देवघेव करू नये, असे मी पुतण्याला सांगितले. सौदा त्या दिवशी झाला नाही.