पराभवाचे वाटेकरी

मराठी भाषेने विजयांची वर्णने पुष्कळ केली. परंतु वाक्प्रचाराचा मान मात्र तिने एका पराभवास दिला. १७६१ सालच्या रणसंग्रामानंतर ‘पानिपत होणे’ हा शब्दप्रयोग घरोघर रुळला, आणि शाळकरी मुलाच्या परीक्षेपासून क्रीडांगणावरील सामन्यापर्यंत तो आज कोठेही सहज योजिला जातो. यात नवल वाटण्याचे कारण नाही. परक्याच्या पराभवाची वार्ता मनुष्य वाचतो आणि पान उलटतो. आपल्या माणसांचा पराभव मात्र जिव्हारी लागतो व पिढ्यान् पिढ्या बोलण्यात राहतो. भारतीय फुटबॉल-संघाच्या मागे उभा राहणारा जो प्रेक्षकवर्ग आहे, त्याच्या पाऊणशे वर्षांच्या निराशेचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. आणि तो औरंगाबाद शहराच्या बाजूने पाहिला असता त्यातील मर्म अधिक स्पष्ट होते. कारण संघ कोणता आणि तो आपला केव्हा झाला, हा प्रश्न या शहरास इतिहासानेच विचारला होता.

१९४८ सालच्या जुलै महिन्याच्या ३१ तारखेस, लंडन येथील ऑलिंपिक महोत्सवात स्वतंत्र भारताचा फुटबॉल-संघ प्रथमच मैदानात उतरला. प्रतिस्पर्धी फ्रान्सचा संघ होता. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते, आणि त्यांचे चेंडूवरील प्रभुत्व पाहून इंग्रज प्रेक्षकही त्यांची वाखाणणी करीत होते. सारंगपाणी रामन याने भारताचा गोल केला. तथापि पेनल्टीच्या दोन संधी भारताने दवडल्या आणि फ्रान्सने तो सामना २–१ असा जिंकला. हाती आलेला विजय निसटल्याची चुटपुट भारतीय प्रेक्षकाच्या मनास लागली ती त्या दिवसापासून.

परंतु त्या दिवशी औरंगाबाद हे शहर भारतीय संघराज्यात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यात रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. कित्येक कुटुंबे घरदार सोडून संस्थानाच्या सीमेपलीकडे आश्रयास गेली होती. लंडनच्या मैदानावर कोण हरले, याची चौकशी करण्याइतके स्वास्थ्य कोणास असणार? पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा भारतात आला. ज्या देशाचा संघ लंडनला हरला तो देश औरंगाबादकरांचा झाला तो त्या पराभवानंतर सुमारे सात आठवड्यांनी.

ज्या संस्थानाने मराठवाड्यास एवढे दुःख दिले, त्याच्याच राजधानीत त्या काळी भारतातील उत्तमांपैकी एक फुटबॉल-संघ घडत होता, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९४३ पासून हैदराबादच्या फुटबॉल-संघटनेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले आणि पुढे हैदराबाद सिटी पोलीस या संघास तालीम दिली. मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळली जाणारी रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालापासूनची. पहिल्या पंचेचाळीस वर्षांत तो चषक गोऱ्या पलटणींकडून कोणाही भारतीय संघास हिरावून घेता आला नव्हता; १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथम जिंकला. हैदराबाद सिटी पोलिसांनी हाच चषक १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे नेला. प्रतिवर्षी स्पर्धा मुंबईची, मैदान मुंबईचे आणि चषक मात्र दख्खनकडे, असा प्रकार मुंबईच्या प्रेक्षकांना पाच वर्षे पाहावा लागला. औरंगाबाद त्या वेळी हैदराबाद राज्याचा एक जिल्हा होता. म्हणजे मुंबईच्या प्रेक्षकाचा जो विरस, तोच औरंगाबादच्या प्रेक्षकाचा, त्याने तसे मानले असल्यास, विजय होता.

दरम्यान राष्ट्रीय संघाची कहाणी चढउतारांची होती. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १–० असे नमवून सुवर्णपदक मिळविले. त्या हर्षाचा भर ओसरतो न ओसरतो तोच १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. उत्तरेकडील गारठ्यात कित्येक भारतीय खेळाडू याही वेळी अनवाणी होते. चार वर्षांपूर्वी ज्या अनवाणी पायांचे कौतुक झाले होते, तेच पाय आता उपहासाचा विषय झाले. मात्र या निराशेतून एक विधायक गोष्ट घडली. पराभवाचे खापर केवळ दैवावर न फोडता खेळाच्या साधनांकडे लक्ष गेले आणि खेळाडूंनी बूट घातलेच पाहिजेत असा नियम पुढे झाला. दहा गोलांच्या जखमेने जे शिकविले ते लंडनच्या निसटत्या पराभवाने शिकविले नव्हते. कारण त्या पराभवात कौतुकाची साखर मिसळलेली होती.

रहीम यांची शिकविण्याची पद्धतही याच वृत्तीची होती. खेळाडू नेहमी एकाच पायाने चेंडू मारतो, हा दोष ध्यानी येताच त्यांनी केवळ दुबळ्या पायानेच खेळावयाच्या स्पर्धा भरविल्या. चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने पुढे जाण्याची हौस मोडावी म्हणून चेंडू तत्काळ दुसऱ्याकडे देण्यावर त्यांनी भर दिला. दोष कोठे आहे ते शोधणे, त्यावर नेमका उपाय योजणे आणि फळासाठी वर्षानुवर्षे थांबणे, हा त्यांचा क्रम होता.

१९५६ हे साल या कथेतील सर्वांत मोठ्या योगायोगाचे होय. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले आणि मराठवाड्याबरोबर औरंगाबाद मुंबई राज्यात आले. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, म्हणजे १ डिसेंबर रोजी, मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. संघाचे प्रशिक्षक रहीम हे हैदराबादचे. अझीझुद्दीन, नूर महंमद, बलराम हे खेळाडूही तिकडचेच. आणि ज्याने त्या दिवशी तीन गोल करून भारतास ४–२ असा विजय मिळवून दिला, तो नेव्हिल डिसोझा मुंबईचा, मूळचा गोमंतकीय. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. औरंगाबादच्या रहिवाशास महिन्यापूर्वी सोडलेल्या राज्याचा गुरू आणि महिन्यापूर्वी लाभलेल्या राज्याचा शिष्य एकाच संघात दिसत होते. सरहद्दी बदलल्या, तरी त्याचा संघ बदलला नव्हता.

मेलबर्नच्या त्या यशास काही मर्यादा होत्या, हेही सांगणे न्यायाचे होईल. स्पर्धेत संघ थोडे होते आणि हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारतास पहिली फेरी खेळावीच लागली नाही. उपांत्य सामन्यात डिसोझाच्या गोलामुळे भारताने युगोस्लाव्हियावर आघाडी घेतली, परंतु शेवट १–४ असा झाला. नंतर बल्गेरियाकडूनही ०–३ अशी हार पत्करावी लागली. तरीसुद्धा दहा गोल खाणारा संघ चार वर्षांत जगात चौथा आला, ही सामान्य गोष्ट नव्हे. १९६२ साली जाकार्ता येथे, विरोधात गर्जणाऱ्या प्रेक्षकांसमोर, भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून पुन्हा आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी रहीम कर्करोगाने ग्रस्त होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले.

त्यानंतरचा उतार एका दिवसात झाला नाही. म्हणूनच तो कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा फुटबॉल-संघ त्या महोत्सवात पुन्हा कधी दिसला नाही. १९७० साली बँकॉकला मिळालेले ब्राँझपदक हे आशियाई क्रीडास्पर्धांतील त्याचे अखेरचे पदक होय. जगात सामना नव्वद मिनिटांचा असता येथे पुष्कळ काळपर्यंत तो सत्तर मिनिटांचाच खेळला जाई. अखेरच्या वीस मिनिटांत आपले खेळाडू का थकतात, याचे उत्तर त्या नियमातच होते. याच्या उलट, जपानने १९६० साली डेटमार क्रॅमर या जर्मन गुरूस पाचारण केले, त्याच्या सल्ल्याने आपल्या स्पर्धांची घडी बसविली आणि १९६८ साली मेक्सिकोस ऑलिंपिकचे ब्राँझपदक मिळविले. ज्यांच्याहून भारत एके काळी वरचढ होता, ते एकेक करून पुढे निघून गेले. २०१५ च्या मार्चमध्ये जागतिक क्रमवारीत भारताचा क्रमांक १७३ वा होता.

प्रेक्षकवर्गाचेही हळूहळू असेच झाले. शतकाहून अधिक वय झालेली रोव्हर्स स्पर्धा २०००–०१ च्या हंगामानंतर बंद पडली. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१० साली विसर्जित झाला. घरातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर इंग्लंड-स्पेनमधील सामने दर आठवड्यास येऊ लागले आणि सुशिक्षित कुटुंबांतील मुले परदेशी संघांचे सदरे घालू लागली. त्यांना दोष देता येत नाही; उत्तम खेळाची ओढ स्वाभाविकच असते. तथापि ज्याच्यावर रागवावे इतकी जवळीकही उरली नाही, अशी राष्ट्रीय संघाची अवस्था झाली.

याचा प्रत्यय २०१८ च्या जूनमध्ये मुंबईस आला. वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांचे नाव धारण करणाऱ्या अंधेरीच्या क्रीडा-संकुलात १ जून रोजी भारताने चिनी तैपेईस ५–० असे हरविले आणि कर्णधार सुनील छेत्री याने तीन गोल केले. हा देखणा विजय पाहण्यास अवघे २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीद्वारे लोकांना हात जोडून विनविले. आमची निंदा करा, आमच्यावर ओरडा, वाटल्यास शिव्याही द्या, पण ते सारे मैदानात येऊन करा, असा त्या विनवणीचा आशय होता. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या सामन्यात मुसळधार पावसात तेच मैदान गच्च भरले. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्यात त्याने दोन गोल केले आणि भारत ३–० असा विजयी झाला.

या प्रसंगाचे मोल त्या तीन गोलांत नाही. आपल्यावर रागावणारा प्रेक्षक हवा, पाठ फिरविणारा नको, असे एका कर्णधाराने देशास सांगितले. प्रेक्षक रागावतो तोवर त्याची काही अपेक्षा असते, आणि अपेक्षा आहे तोवर नाते तुटलेले नसते. रिकाम्या बाकांना मात्र कोणताच संघ उत्तर देऊ शकत नाही.

पुढची वर्षे पुन्हा कष्टाचीच गेली. २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकाच्या तिन्ही सामन्यांत भारत हरला आणि एकही गोल करू शकला नाही. २६ मार्च रोजी गुवाहाटीस अफगाणिस्तानने त्यास २–१ असे हरविले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरने त्यास त्याच फरकाने नमविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नेव्हिल डिसोझा ज्या भूमीचा, त्याच भूमीवर हे घडावे, याचा सल गोमंतकीय प्रेक्षकास अधिक टोचला तर ते समजण्यासारखे आहे. प्रत्येक पराभवानंतर प्रशिक्षक बदला, खेळाडू बदला, अशी एकच ओरड होते. ती सर्वस्वी अयोग्य नव्हे. परंतु १९५२ नंतर जे घडले ते केवळ माणसे बदलल्याने घडले नव्हते. पायात बूट आले, तालमीची रीत बदलली आणि एका शाळामास्तराच्या चिकाटीस चार वर्षांचा अवधी मिळाला.

पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ साली, महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. मधली दहा वर्षे शोकात गेली तशीच सैन्याच्या व राज्याच्या उभारणीतही गेली. ज्या समाजाने पराभवाचे नाव विसरण्याचे नाकारले, त्यानेच तो भरूनही काढला. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात, आमखास मैदानावर, संध्याकाळच्या वेळी चेंडूमागे धावणारी मुले आजही दिसतात. ती कोणत्या पायाने चेंडू मारतात, त्यांना शिकविणारा कोणी आहे की नाही, त्यांच्या स्पर्धा वर्षभर होतात की नाही, हे प्रश्न फातोर्ड्याच्या पराभवावर संतापलेल्या प्रेक्षकाने विचारावयाचे आहेत. आणि ते प्रश्न प्रथम आपल्याच गावच्या मैदानावर जाऊन विचारणे इष्ट होय.