तळटीप १२ : अश्वशक्ती आणि शर्यतीचे गट

१ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. कंधारच्या लाल कंधारी जोडीला लेखकाने येथे 'चार अश्वशक्तीची' म्हटले आहे, ते कौतुकापोटी. लाल कंधारी काय किंवा लातूरकडची देवणी काय, सलग नांगरताना जोडी जेमतेम एक अश्वशक्ती देते. अमेरिकी 'मसल कार'चे आकडेही असेच जपून वाचावेत. १९७१ पर्यंत कंपन्या बहुधा उघड्या इंजिनाची 'ग्रॉस' शक्ती छापत. १९७२ पासून पंखा, सायलेन्सर जोडून मोजलेली 'नेट' शक्ती आली आणि कागदावरचे घोडे एकदम घटले. उलट १९६८च्या '४२८ कोब्रा जेट' मस्टँगला फोर्डने ३३५ अश्वशक्तीच दाखवली. खरी बरीच जास्त होती. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत 'स्टॉक' गाड्यांचा गट वजन भागिले अश्वशक्ती असा ठरे, त्यामुळे ही लबाडी सोयीची. संयोजक मग स्वतःचा आकडा लावत. बैलांच्या शर्यतीत कागद नव्हे, जबडा उघडून पाहतात : दुधाचे दात असलेला आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. २०१४च्या बंदीनंतर महाराष्ट्राने केलेला शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला. – संपा.