सोळा घरांचा ठेका

यंत्र आलं की वाद्य मरतं, ही तक्रार सातारा-सांगलीच्या पट्ट्यात निदान शंभर वर्षं जुनी आहे. आधी ती पेटीबद्दल झाली, मग बेंजोबद्दल, मग ऑक्टोपॅडबद्दल, आणि आता मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल होते. तक्रार करणाऱ्यांच्या कानाला जे खुपतं ते खरंच खुपण्यासारखं असतं, पण बोट भलतीकडे दाखवलं जातं. हे दोन जिल्हे मुळात एकच. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं, त्यामुळे त्यांच्या वाद्यांचा इतिहासही एकत्रच पाहायला हवा. तो तसा पाहिला तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. जुन्या वाद्याची नक्कल किती हुबेहूब साधली, यावर इथे यंत्राचं भवितव्य ठरलेलं नाही. वाजवणाऱ्याला ते आपल्या हाताने, आपल्या कानाने, त्या जागी आणि त्या वेळी जुळवता येतं का, यावर ते ठरलं. टेक्नो संगीत ज्या ड्रम मशीनवर उभं राहिलं ते जपानी यंत्र कृष्णाकाठापासून फार दूरचं वाटेल, पण त्याची कहाणी इथल्या कसोटीवर घासून पाहता येते, आणि पाहिली की इथल्याच काही जुन्या वादांचा उलगडाही होतो.

पहिला पुरावा सांगलीचाच आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदुस्थानी संगीतातल्या बावीस श्रुती गणिताने पक्क्या करायच्या, हा त्यांचा ध्यास होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाचे स्वर त्यांनी तारेच्या लांबीवरून मोजले आणि 1910 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमेंट्स हा सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाला. पुढे लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्यात बावीस श्रुती वाजवू शकणारी पेटी तयार झाली. साध्या पेटीवरचा आक्षेप सगळ्यांना ठाऊक होता: तिचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले, मींड नाही, कोमल गांधार एकच, राग कोणताही असो. देवलांच्या पेटीने या आक्षेपाचं उत्तर गणिताने द्यायचं ठरवलं होतं. 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे हा प्रयोग जाणकारांपुढे आला, आणि पंडित भातखंड्यांसह तिथल्या बहुतेकांनी तो स्वीकारला नाही. पुढे तो मागेच पडला. गंमत अशी की जिच्यात दोष होते ती साधी पेटी मात्र टिकली. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती तीसेक वर्षं राहिली, तरी भजनी मंडळांत, तमाशात आणि ख्यालाच्या मैफलीत पेटी होतीच.

याचं कारण अचूकपणात शोधून सापडत नाही. देवलांची पेटी साध्या पेटीपेक्षा नक्कीच अचूक होती. पण तिने गवयाचा निर्णय आधीच घेऊन ठेवला होता. कोणत्या रागात गांधार किती उतरवायचा हे गवई गाता गाता ठरवतो, समोरच्या तंबोऱ्याकडे कान ठेवून. तो निर्णय कारखान्यात घेऊन पट्टीखाली पक्का बसवला की गवयाला करायला काही उरत नाही. साध्या पेटीवर तो ओबडधोबडपणा सगळ्यांना दिसतो, म्हणून साथीदार स्वर हलका ठेवतो, खटकणारी पट्टी टाळतो, गळ्याला पुढे जाऊ देतो. तिच्यातली उणीवच वाजवणाऱ्याला जागं ठेवते.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरजेत याची दुसरी बाजू दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, लढायांचे दिवस सरल्यावर, तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली; फरीदसाहेबांचं नाव या धंद्याचे आद्य कारागीर म्हणून घेतलं जातं. पुढे सतारमेकर हे आडनावच झालं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी आणि तबली लाकडाची, हे सगळं खरं, पण तंबोऱ्याचा जीव असतो घोडीवरच्या जवारीत. घोडीचा माथा किंचित उताराने घासायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा, तेव्हा कुठे एका तारेतून अनेक स्वरांची गुंज उठते. हे मोजपट्टीने होत नाही. घासायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. 1979 मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आणला, तेव्हा मिरजेचा धंदा बुडणार असं भाकीत करणारे कमी नव्हते. धंद्याला धक्का बसला हे नाकारता येत नाही. प्रवासात, रियाजाला, शिकवणीला पेटीएवढं ते यंत्र सोयीचं होतं आणि अनेकांनी तंबोरा घेणं लांबणीवर टाकलं. पण मैफलीत गवयाच्या मागे आजही दोन तंबोरे दिसतात, आणि यंत्र असलंच तर शेजारी भर घालायला. त्यामागे नुसती प्रतिष्ठेची हौस नाही. मैफलीच्या खोलीची हवा आणि त्या दिवशीचा गळा यांना धरून जवारी फिरवता येते. यंत्रात खटका फिरवून पट्टी बदलते, गुंजेचा पोत मात्र कारखान्यातून आला तसाच राहतो.

आता ड्रम मशीन. जपानच्या रोलँड कंपनीने 1980 मध्ये टीआर-808 काढलं, 1983 मध्ये ते बंद केलं. एकूण सुमारे बारा हजार नग बनले. 808 आलं त्याच वर्षी, 1980 मध्ये, अमेरिकेत लिन कंपनीचं एलएम-1 आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज ध्वनिमुद्रित करून साठवलेले होते आणि किंमत 808 च्या चौपट होती. 808 मध्ये एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. ढोलाचा ठोका म्हणजे एका विद्युत मंडलातून उठणारा आणि लगेच विझणारा कंप. टाळीचा आवाज म्हणजे गाळून घेतलेला खरखराट. खऱ्या ड्रमशी तुलना केली तर हे सगळं खोटंच वाटतं, आणि तेव्हाच्या अनेक वादकांनी ते खोटं म्हणूनच नाकारलं. यंत्राच्या पुढच्या बाजूला सोळा कळा आहेत, चार-चारच्या गटात लाल, नारिंगी, पिवळ्या, पांढऱ्या. यंत्र सुरू केलं की दिवा एकामागून एक या सोळा घरांतून धावत जातो आणि पुन्हा पहिल्या घरात येतो. खटका फिरवून आधी एक आवाज निवडायचा, समजा ढोलाचा, आणि ज्या घरात ठोका हवा तिथली कळ दाबायची. मग दुसरा आवाज, तिसरा. आवर्तन चालूच असतं. ठोके त्यात घालायचे किंवा त्यातून काढायचे. आघात हा वेगळाच थर, कोणत्या घरात जोर द्यायचा ते स्वतंत्रपणे ठरवायचं. ढोलाचा ठोका किती रेंगाळावा आणि त्याची धार किती असावी याला वेगळे खटके, प्रत्येक आवाजाची पातळी वेगळी. केरव्याच्या आठ मात्रा दुपटीने सोळा घरांत नेमक्या बसतात. दादऱ्यासाठी आवर्तन बाराव्या घरावर तोडता येतं.

म्हणजे या यंत्रात तयार ठेका शोधायचा नसतो, कोऱ्या घरांपासून तो रचायचा असतो. एकदा रचला की कलाकार पुढची दहा मिनिटं ठोके बदलत बसत नाही. ठोका रेंगाळवतो, आखडतो, टाळी काढून घेतो, झांज आत सोडतो. टेक्नोची सगळी कला या खटक्यांवरच्या बोटांत आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात, जिथे कारखाने बंद पडत होते तिथे, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन यांसारख्या कृष्णवर्णीय तरुणांनी अशा यंत्रांतून स्वतःचं संगीत घडवलं. जुनी यंत्रं तोवर स्वस्तात मिळू लागली होती हे एक कारण, पण तेवढंच नव्हे. या यंत्राला खऱ्या ड्रमची नक्कल जमली नव्हती, म्हणूनच त्याला स्वतःचा आवाज होता. आणि त्याच दशकात, 1982 मध्येच, मुंबईत चरणजीत सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने 808, त्याच कंपनीचं टीबी-303 आणि ज्युपिटर-8 घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. एचएमव्हीने ती तबकडी काढली, ती फारशी कुणी घेतली नाही, आणि 2010 मध्ये पुनर्प्रकाशित झाल्यावर जगभरचे ऐकणारे चकित झाले. टीबी-303 तर बास गिटारची नक्कल म्हणून बनवलं होतं आणि त्या कामात ते सपशेल नापास झालं. चरणजीतसिंगांच्या हातात त्यातून राग उमटला. देवलांच्या पेटीची कहाणी नेमकी उलटी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: यंत्राची लय हलत नाही. कुंडलच्या कुस्त्यांच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतात, तेव्हा हलगीवाल्याची नजर पैलवानांवर असते. पकड घट्ट झाली की त्याची काडी आपोआप चढते, डाव सुटला की उतरते. बावधनच्या बगाड यात्रेत गाडा पुढे निघतो त्याबरोबर वाद्यांचा जोश वाढतो. यंत्राला हे दिसत नाही. हे मान्यच करायला हवं, आणि टीआर-808 बाबत अधिकच, कारण त्यात ठोका किंचित पुढेमागे झुलवण्याचीही सोय नव्हती. ती टीआर-909 मध्ये 1983 साली आली. पण हलगीचं बळ फक्त लयीच्या चढउतारात नाही. वाजवण्याआधी ती शेकोटीवर तापवतात, चामडं ताणलं गेलं की आवाज खणखणतो, थंड झाली की पुन्हा तापवतात. हातातली बारीक काडी आणि दुसरी जाड, त्यांचा एकमेकींशी चाललेला संवाद, आवाजाचा पोत क्षणाक्षणाला बदलणं, हे सारं 808 च्या खटक्यांशी जवळचं आहे. आणि वेगाचा खटका यंत्रातही आहेच. तो फिरवणाऱ्याची नजर मैदानावर आहे की नाही, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे.

हलगीच्या बाजूने बोलणारे आणखी एक गोष्ट सहसा झाकून ठेवतात. हलगी वाजवणं हे पिढ्यान्‌पिढ्या मातंग आणि महार समाजांवर गावकीने टाकलेलं काम होतं. लग्नात, जत्रेत, मढ्यापुढे वाजवायचं आणि मोबदल्यात बलुतं किंवा शिळंपाकं घ्यायचं. डॉ. आंबेडकरांनी गावकीची कामं सोडायला सांगितलं, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतनं रद्द झाली, आणि अनेक घरांतून हलगी खुंटीला लागली ती या स्वाभिमानामुळे. तिची जागा बेंजो पार्टीने, नंतर ऑक्टोपॅडने घेतली, तेव्हा वाजवणारे हात काही वेळा त्याच वस्तीतले होते, पण व्यवहार बदलला होता: आता सुपारी ठरते, आगाऊ रक्कम मिळते, वादकाला नावाने बोलावलं जातं. ऑक्टोपॅडच्या आठ पाट्यांवर कोणता आवाज कुठे ठेवायचा हे वादकच ठरवतो. ढोलकी, संबळ, हलगी, डफ यांची मांडणी करून त्यांवर तो काड्यांनी वाजवतो. तिथे रचणाराही तोच आणि वाजवणाराही तोच. परंपरा बुडाली म्हणून हळहळताना ती कोणाच्या पाठीवर उभी होती हे विसरणं सोयीचं असतं, योग्य नसतं.

मग डॉल्बी? 2014 च्या गणेश विसर्जनात साताऱ्यात जुनी भिंत कोसळून माणसं दगावली, आणि दोष ध्वनिक्षेपकांच्या दणक्यावर आला. 2017 मध्ये कोल्हापूर परिक्षेत्राच्या पोलिसांनी डॉल्बीमुक्त उत्सवाची मोहीम चालवली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनियंत्रणा व्यावसायिकांना विसर्जनापुरती सवलत द्यायला नकार दिला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि म्हातारीकोतारी, रुग्णालयं, तान्ही मुलं यांच्यासाठी ती न्याय्यच आहे. पण डॉल्बीच्या ट्रॅक्टरवर नेमकं काय चालतं ते पाहा. तिथे ठेका कुणी रचत नाही. दुसऱ्याने दुसरीकडे बनवलेलं गाणं, त्याखाली घातलेला तयार ढोल, आणि तो मोठा करण्यासाठी लावलेले पेटारे. वाजवणाऱ्याच्या हातात एकच खटका उरतो, आवाजाचा, आणि मग दुसऱ्या मंडळाशी स्पर्धाही त्याच खटक्यावर होते. जिथे रचता काहीच येत नाही, तिथे सरस ठरायला मोठा आवाज हाच मार्ग उरतो. म्हणून डॉल्बीला ड्रम मशीनचा वंशज म्हणणं चूक आहे. तिचं नातं देवलांच्या पेटीशी जास्त जवळचं आहे, कारण सगळे निर्णय दोन्हीकडे आधीच झालेले असतात. यावर कोणी म्हणेल की हलगी-घुमक्याचा आवाजही कान फोडतो. फोडतो, आणि नियम तिलाही लागू आहे. फक्त हलगीवाल्याचा हात दुखतो, काडी थांबते, शेकोटीजवळ यावं लागतं. पेटाऱ्यांना अशी कोणतीच मर्यादा नसते, त्यांना कायदाच थांबवू शकतो.

या बंद्यांनंतर मंडळांना पारंपरिक वाद्यं वाजवा असं सांगितलं जातं, आणि ढोल-ताशा, लेझीम, झांजपथक, हलगी यांच्या यादीत बेंजोही निर्धास्तपणे येऊन बसतो. हा बेंजो म्हणजे जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता याने 1912 मध्ये बनवलेलं, टंकयंत्रासारख्या कळांचं ताईशोगोतो. तो इथे आला, बुलबुलतरंग झाला, त्याला पिकअप लागला, कर्णा जोडला गेला, आणि लावणीपासून कोळीगीतापर्यंत सगळं त्याच्यावर वाजू लागलं. त्याच्या कळा जपानी वादकाला जशा हव्या होत्या तशा आता क्वचितच राहिल्या आहेत. तारा बदलल्या, पट्टी बदलली, आवाज तापवून तापवून तिखट केला. शंभर वर्षांत तो पारंपरिक ठरला. टीआर-808 ला अजून पन्नासही झालेली नाहीत.