पाच-सहा थेंबांचा ठोका

१८२१ साली पॅरिसमध्ये केर्गाराडेक नावाच्या डॉक्टरांनी एका गर्भवतीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. बाळ गर्भजलात हलले की त्याचा आवाज येतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते. कानावर पडली ती घड्याळासारखी टिकटिक, मिनिटाला १४३ ते १४८. आईची नाडी याच्याशी जुळेना. म्हणजे ठोके बाळाचेच. पुढची सव्वाशे वर्षे पोटातल्या हृदयाची चौकशी जवळजवळ इथेच अडून राहिली. ठोके आहेत का आणि किती, हे सांगता येई. एका ठोक्यात ते हृदय रक्त किती ढकलते, हे विचारण्यात अर्थच नव्हता.

वाट निघाली ती कारखान्यांतून. धातूत लपलेली चीर शोधण्यासाठी ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारी यंत्रे जहाजबांधणीत वापरली जात. स्वीडनमधल्या लुंड गावचे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी असे एक यंत्र उसने आणले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांची कथा आणखी मजेशीर. १९५५ च्या जुलैत हे स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन गाड्यांच्या डिक्कीत भरून बॉयलरच्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी तिथे गोमांसाचा तुकडाही होता. त्या दुपारच्या प्रयोगातून पुढे, १९५८ साली, ‘लॅन्सेट’मधला तो प्रसिद्ध लेख आला आणि सोनोग्राफी प्रसूतिशास्त्रात शिरली.

१९८० च्या सुमारास लंडनमध्ये लिंडसे अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी गर्भाच्या हृदयाचे कप्पे, झडपा पडद्यावर रीतसर ओळखून दाखवल्या. हृदय दिसू लागले, तरी मोजमाप ही वेगळीच कटकट होती. सपाट चित्रात कप्प्याचा व्यास मोजायचा, कप्पा अंडाकृती आहे असे धरून चालायचे आणि त्या व्यासाच्या घनावरून आकारमान काढायचे. व्यास मोजताना दहा टक्के जास्त धरला गेला, तर आकारमान तेहेतीस टक्क्यांनी फुगते. त्यातून उजवा कप्पा अंडाकृती नाहीच. तो डाव्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला असतो.

म्हणून तिसरी मिती हवी होती. पण स्थिर अवयवाचे त्रिमित चित्र घेणे एक, आणि सेकंदाला दोनदा-अडीचदा आकसणाऱ्या हृदयाचे घेणे दुसरे. मोठ्या माणसाच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या की ठोका कुठे सुरू झाला हे यंत्राला कळते. पोटातल्या बाळाला तारा लावणार कुठे?

यावरचा तोडगा फार हुशारीचा आहे, आणि या सगळ्या इतिहासात दाद द्यावी अशी जागा हीच. सॅन दिएगोमध्ये टॉमस नेल्सन, डोलोरेस प्रिटोरियस आदींनी १९९६ साली दाखवले की ठोक्याची लय चित्रांतूनच गणिताने काढता येते. २००३ च्या सुमारास ‘स्टिक’ हे तंत्र रुग्णालयांत आले. पोटावर टेकवायच्या प्रोबच्या आतली मोटर साधारण दहा सेकंदांत हृदयावरून एकदाच, सावकाश, वीस-तीस अंशांतून सरकते. तेवढ्यात बाळाचे वीसेक ठोके होऊन जातात आणि शेकडो सपाट चित्रे जमतात. करडे ठिपके किती वेळाने पुन्हा तसेच उजळतात, यावरून संगणक लय ओळखतो. मग सगळी चित्रे विस्कटून ठोक्यातल्या क्षणानुसार नव्याने रचतो: आकसण्याच्या क्षणाची एकत्र, फुगण्याच्या क्षणाची एकत्र. पडद्यावर एकच ठोका पुन्हा पुन्हा चालू राहतो, आणि तो कोणत्याही बाजूने कापून पाहता येतो.

कप्पा पूर्ण भरलेला असताना किती आणि आकसल्यावर किती, या दोहोंतला फरक म्हणजे एका ठोक्याचे रक्त. यंत्र खरे बोलते का, हे तपासायला अमेरिकेतल्या पोर्टलँड इथल्या संशोधकांनी २००४ मध्ये इवल्या फुग्यांची खोटी हृदये करून त्यांचे माप घेतले. २००८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून आलेल्या मापांनुसार विसाव्या आठवड्यात डावा कप्पा एका ठोक्याला सुमारे ०.३ मिलीलिटर रक्त ढकलतो, म्हणजे पाच-सहा थेंब. चौतिसाव्या आठवड्यापर्यंत ते दोन मिलीलिटरवर जाते.

आता दुसरी बाजू. कप्प्याची कड बराच काळ हातानेच आखावी लागे: चित्र थोडे फिरवा, कड आखा, पुन्हा फिरवा. बाळाने लाथ मारली किंवा आईने खोल श्वास घेतला की रचना मोडते. ठोके अनियमित असतील तर वीस ठोक्यांचा एक ठोका करणारे हे गणितच लटके पडते. त्यामुळे रोजच्या तपासणीत डॉक्टर अजून डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) आणि सपाट चित्रांवरच अधिक विसंबतात. ठोके चुकणाऱ्या बाळासाठी तर एडलर-हर्ट्झ यांची, एकाच रेषेतले प्रतिध्वनी सलग टिपणारी पद्धतच वापरतात, कारण ती प्रत्येक ठोका वेगळा दाखवते. ध्वनिलहरी सोडणाऱ्या हजारो स्फटिकांचे नवे मॅट्रिक्स प्रोब मात्र मोटरीशिवाय, विजेच्या इशाऱ्यावर लहरी वळवतात आणि तीच फेरी दोन-चार सेकंदांत उरकतात, त्यामुळे बाळाला मध्येच हलायला सवड कमी मिळते.